भारतीय सांकेतिक भाषा : अभ्यासक्रमाची आखणी

कर्णबधिर समाजाची भारतीय सांकेतिक भाषा ऐकू येणाऱ्यांना शिकवण्यासाठीच्या अभ्यासक्रमाची ही रचना आहे. अशा अभ्यासक्रमाची सुरुवात अनेकदा बोटांच्या वर्णमालेने होते. ही सुरुवात सोयीची असली तरी चुकीची, कारण मग विद्यार्थी प्रत्येक शब्दाचे स्पेलिंग करत बसतो. ओळख, कुटुंब, वेळ अशा संवादप्रसंगांपासून आरंभ करणे श्रेयस्कर.

व्याकरणाला पहिल्या आठवड्यापासून जागा हवी. ‘तुझे नाव काय?’ यात ‘काय’ ही प्रश्नखूण शेवटी येते. ‘काल मी शाळेत गेलो नाही’ हे वाक्य काल–मी–शाळा–जाणे–नाही असे होते. भुवया, मान व चेहरा हेही व्याकरणच. होय-नाही स्वरूपाच्या प्रश्नात भुवया वर जातात. त्या स्थिर राहिल्या, तर प्रश्न साधे विधान ठरू शकतो. हे सारे पाहूनच शिकायचे असते, म्हणून शिक्षक शक्यतो कर्णबधिर असावा, वर्गात बोलणे बंद असावे आणि बैठक अर्धवर्तुळाकार असावी. एकामागे एक बाके मांडली, तर मागच्याला पुढच्याचे डोकेच दिसते.

मूल्यमापन चित्रफितीवरून करावे. लेखी परीक्षेत हात कसे चालतात ते कळत नाही. प्रदेशागणिक खुणा बदलतात, त्यामुळे अभ्यासक्रमात स्थानिक रूपे नोंदवावी लागतात.

या भाषेसाठी काम करणाऱ्या संस्थाही आहेत. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र (स्थापना 2015) दुभाषी घडवणारा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम चालवते. केंद्राच्या शब्दकोशात 2018 मध्ये सुमारे 3,000, तर 2021 मध्ये 10,000 शब्द होते. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था या क्षेत्रातील जुने केंद्र आहे.