सुखतळ्याची कुळकथा

बुटाच्या आंत पायाच्या तळव्याखालीं जो पातळ तळ घातलेला असतो, त्याला आपल्या भाषेंत सुखतळा असें नांव आहे. बूट विकत घेतांना आपण वरचें चामडें दाबून पाहतों, शिवण तपासतों, किंमतीची घासाघीस करतों. परंतु ज्याच्या नांवांतच सुख आहे, त्याची विचारपूस पाय दुखूं लागल्याखेरीज कोणी करीत नाहीं. ही विचारपूस मनुष्यजातीनें फार पूर्वींच आरंभिली होती. तिचा थोडा इतिहास सांगून, डोंगर चढणाऱ्या किंवा रोज दोन-चार मैल चालणाऱ्या माणसानें दुखऱ्या पायांसाठीं सुखतळा कसा निवडावा, याचा आज विचार करूं.

१९९१ सालीं ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवर, आल्प्स पर्वतांत सुमारें ३,२०० मीटर उंचीवर, बर्फांत गोठलेलें एका पुरुषाचें शव सांपडलें. तें सुमारें ५,३०० वर्षांपूर्वींचें आहे. त्याच्या जोड्यांचा तळ अस्वलाच्या कातड्याचा होता. आंत झाडाच्या सालीच्या दोऱ्यांची जाळी विणलेली होती, आणि तिनें वाळलेलें गवत पायाभोंवतीं धरून ठेवलें होतें. युरोपच्या अगदीं उत्तरेकडील सामी लोकही पाणथळींत उगवणारें लव्हाळ्याच्या जातीचें गवत कुटून, मऊ करून बुटांत भरीत आले. गवत ऊब धरतें, ओल शोषतें आणि ज्याचा पाय त्याच्याच आकाराप्रमाणें दबतें. संध्याकाळीं तें काढून वाळवावें आणि सकाळीं पुन्हां भरावें, एवढीच त्याची देखभाल.

१४ डिसेंबर १९११ रोजीं दक्षिण ध्रुवावर पोंचलेल्या रोआल्ड आमुंडसेन यांच्या तुकडीनेंही हें गवत बरोबर नेलें होतें. परंतु त्यांच्या बुटांची खरी बोधप्रद गोष्ट निराळी आहे. अनेक मोजे व आंतले थर घातल्यावर बूट तंग होऊं लागले. म्हणून मोहिमेपूर्वींच्या हिवाळ्यांत ते उसवून पुन्हां पुन्हां मोठे करावे लागले. सुखतळा कितीही उत्तम असला तरी त्याला बुटांत जागा हवी; नाहीं तर तोच पायाचा वैरी होतो.

शहरांतील जोड्यांचा इतिहास मात्र इतका शहाणपणाचा नाहीं. अठराव्या शतकांत युरोपांतील पुष्कळसे जोडे डाव्या व उजव्या पायाला एकाच साच्यावर बनत. फरक पडावयाचा तो पायांनीं सोसून पाडावयाचा. १७८१ सालीं पेट्रस कांपर या डच शरीरशास्त्रज्ञानें जोड्यांच्या योग्य आकारावर निबंध लिहिला. पुढें १८५८ सालीं झुरिकचे शरीरशास्त्रज्ञ हेर्मान फॉन मायर यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, पायाच्या अंगठ्याच्या मध्यांतून मागें ओढलेली रेघ टांचेच्या मध्यांतून गेली पाहिजे, आणि जोडा त्या रेघेला धरून बेतला पाहिजे. पाऊल जोड्यासाठीं नसून जोडा पावलासाठीं आहे, एवढें साधें तत्त्व मान्य व्हावयाला इतकीं वर्षें लागलीं!

त्यानंतर पायाच्या कमानीकडे लक्ष गेलें. १९व्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कचे शल्यवैद्य रॉयल व्हिटमन यांनीं बसक्या पायांसाठीं धातूच्या पट्ट्या वापरल्या. शिकागोमध्यें जोड्यांच्या दुकानांत नोकरी करणाऱ्या विल्यम शोल या तरुणानें गिऱ्हाइकांचे दुखरे पाय पाहून वैद्यकाचा अभ्यास केला, आणि १९०४ च्या सुमारास कमानीला आधार देणारा सुखतळा बाजारांत आणला.

या इतिहासांतील सर्वांत हृदयस्पर्शी प्रकरण मात्र आपल्याच देशांतलें आहे. १९४६ सालीं डॉ. पॉल ब्रँड हे वेल्लोर येथें दाखल झाले. कुष्ठरोग्यांच्या पायांवरील जखमा रोगामुळेंच होतात व पाय झडतो, असा तेव्हां सर्वसाधारण समज होता. ब्रँड व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, रोगामुळें मज्जातंतू बधिर होतात. खडा रुतला, खिळा टोंचला तरी वेदना होत नाहीं. म्हणून रोगी त्याच जागेवर भार टाकीत चालत राहतो आणि तेथें व्रण पडतो. उपाय म्हणून बारीक छिद्रांच्या मऊ रबराचे तळ घातलेल्या चपला तयार झाल्या. भार एका बिंदूवर न राहतां तळव्यावर पसरला, आणि कित्येकांचे पाय वांचले.

यावरून आपल्या बाबतींत काय निघतें? आपला पाय दुखतो, म्हणजे तो अजून सूचना देत आहे. ती सूचना नीट वाचावी. प्रथम जुना सुखतळा बाहेर काढून उजेडांत पाहावा. तो कोठें खोल दबला आहे, कोठें झिजला आहे, यावरून भार कोठें पडतो हें कळतें. टांच दुखत असेल तर टांचेला वाटीसारखें धरणारा व कमानीला आधार देणारा सुखतळा घ्यावा. बोटांच्या मागचा फुगीर भाग दुखत असेल, तर त्या भागाच्या किंचित् मागें उशी असलेला बरा. नुसत्या मऊपणाला भुलूं नये. फार मऊ फेस थोड्याच दिवसांत चपटा होतो.

नवा सुखतळा जुना काढून त्याच्या जागीं घालावा, त्याच्यावर नव्हे. चालतांना वापरावयाचे मोजे घालूनच पारख करावी. बोटें हलतात कीं नाहींत, टांच बुटांत वर उचलली जाते काय, आणि सुखतळ्याचा उंचवटा आपल्या कमानीखालींच येतो काय, हें पाहावें. पहिल्या दिवशीं तासभर, मग हळूहळू अधिक, अशी संवय करावी. मापानें करवून घेतलेला महागडा सुखतळाच हवा असें नाहीं. नेहमींच्या टांचदुखीला तयार सुखतळाही बहुधा तितकाच उपयोगी पडतो. परंतु कांहीं आठवडे गेले तरी दुखणें हटलें नाहीं, तर वैद्यांकडे जावें. आणि ज्यांना मधुमेह आहे व पाय बधिर वाटतात, त्यांनीं वेदनेची वाट न पाहतां रोज रात्रीं दिव्याजवळ बसून आपले तळवे पाहावेत. घरांतील म्हाताऱ्या माणसांचे तळवे मुलांनीं पाहावेत.