गुप्तधन, धातुशोधक आणि मातीतली जागा

मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरातून एक विलक्षण बातमी आली. ‘छावा’ हा चित्रपट नुकताच प्रदर्शित झाला होता. त्यापाठोपाठ इथल्या शेतांत मोगलांचा खजिना पुरलेला असल्याची वदंता पसरली आणि अंधार पडताच माणसे विजेऱ्या, कुदळी आणि मेटल डिटेक्टर घेऊन रानात उतरू लागली. १६८१च्या आरंभी संभाजीराजांच्या फौजेने बऱ्हाणपूर लुटले, हे खरे आहे. मात्र लुटीतले सोने सहसा लुटणाऱ्यांबरोबर जाते, याचा विचार त्या रात्री कोणी केला नसावा. धातुशोधन हा छंद आजही करण्याजोगा आहे का, हा प्रश्न त्या खणलेल्या शेतांनी आपल्यासमोर ठेवला आहे.

हे यंत्र प्रसिद्धीस आले ते एका जखमी माणसाच्या अंगातली गोळी शोधताना. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. ती नेमकी कुठे अडकली आहे हे शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर चालणारे उपकरण सिद्ध केले. बिछान्यातील पोलादी तारांनी त्यात घोटाळा केला आणि मुख्य वैद्यांच्या आग्रहामुळे शोध उजव्या बाजूपुरताच मर्यादित राहिला. १९ सप्टेंबरला गारफिल्ड यांचे निधन झाले; शवचिकित्सेत गोळी डावीकडे सापडली. यंत्र कुठे धरायचे हे ठरवणारा माणूस चुकला, तर यंत्राची संवेदनशीलता काय कामाची?

त्यामागचे तत्त्व आजही तेच आहे. वेटोळ्यातील बदलता प्रवाह बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, ते क्षेत्र धातूत भोवरा प्रवाह उत्पन्न करते आणि त्या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र यंत्र टिपते. लहान वस्तू वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने दूर असेल, तर जाताना क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते आणि परतताना पुन्हा तसेच. म्हणजे खोली दुप्पट झाली की संकेत चौसष्टाव्या हिश्शावर येतो! सुटे नाणे वीत-दीड वीत खोलीपलीकडे सापडणे म्हणूनच दुरापास्त असते. त्यात बेसाल्टापासून झालेल्या मातीतील मॅग्नेटाइटचे कण स्वतःच संकेत देत राहतात. शिवाय सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची कडी यांतला फरक यंत्राला खात्रीने सांगता येत नाही.

कायद्याची अडचण याहून मोठी आहे. १८७८चा भारतीय निखात निधी अधिनियम अद्याप लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवणाऱ्यास तुरुंगवासाची तरतूद आहे. सरकारने ती वस्तू संपादन करायची ठरवली, तर मोबदला किती? धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. ज्ञानाचे मोल इतक्या नेमक्या अपूर्णांकात क्वचितच कोणी मांडले असेल. वस्तू मुकाट्याने वितळवण्याचा मोह या हिशेबात अगदी उघडा आहे.

आणि वितळली नाही तरी नुकसान व्हायचे ते होतेच. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे झाडाचे मूळ खणताना एका शेतकऱ्याला कांस्याचा रथ, गेंडा, हत्ती आणि रेडा सापडले. चौघांचे एकत्रित वजन साठ किलोहून अधिक. त्या शेतकऱ्याकडे कसलेही यंत्र नव्हते आणि त्याचा दोषही नव्हता. परंतु शिल्पे पुरातत्त्वज्ञांच्या उत्खननात, थरासकट मिळाली नाहीत. काहींनी ती उत्तर हडप्पाकालीन मानली, तर डी. पी. अग्रवाल यांनी धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणाकडे बोट दाखवून शंका उपस्थित केली. त्या खड्ड्यातला थर जागेवर नोंदला गेला असता, तर हा वाद कदाचित उद्भवलाच नसता.

छंद म्हणून या यंत्राचे सार्थक झाल्याचे उदाहरण इंग्लंडमध्ये मिळते. नोव्हेंबर १९९२ मध्ये सफोक परगण्यातील हॉक्सन येथे एरिक लॉज हे मित्राचा शेतात हरवलेला हातोडा शोधायला गेले. यंत्र वाजले, खाली रोमन नाणी आणि चांदीचे चमचे होते. लॉज यांनी खणणे थांबवून अधिकाऱ्यांना कळवले. परिणामी सुमारे पंधरा हजार नाण्यांबरोबरच ती ज्या ओकच्या पेटीत ठेवली होती तिचेही अवशेष नोंदता आले. हातोडाही मिळाला आणि तो आता ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

याहूनही बोलके उदाहरण अमेरिकेतील लिटल बिगहॉर्नचे. १८७६ मध्ये इथे कस्टरची तुकडी सू आणि शायेन योद्ध्यांपुढे नष्ट झाली. १९८३ मध्ये वणव्याने गवत जळून जमीन उघडी पडली आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी हौशी धातुशोधकांना सोबत घेतले. वाजलेल्या प्रत्येक जागी निशाण रोवले गेले, प्रत्येक काडतुसाची जागा नकाशावर नोंदली गेली. काडतुसांवरील ठशांवरून एकच बंदूक रणांगणावर कुठून कुठे सरकली, हेही उलगडले. विजेत्या योद्ध्यांच्या मौखिक साक्षी पूर्वी दुय्यम मानल्या जात. त्यांतील बऱ्याच तपशिलांना आता मातीतून पुष्टी मिळाली. विकायला काढली तर त्या काडतुसांची किंमत ती किती!

भारतात एकट्याने यंत्र घेऊन रानात फिरण्याचा छंद आज समर्थनीय नाही. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने आणि देखरेखीखाली होणाऱ्या सर्वेक्षणात मात्र अशा हौशी हातांना पुष्कळ काम आहे. जालना जिल्ह्यातील असईचेच घ्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळना आणि जुई या नद्यांच्या दरम्यान शिंदे-भोसल्यांच्या तोफांनी आर्थर वेलस्लीच्या फौजेची दाणादाण उडवली आणि तरीही लढाई इंग्रजांनी जिंकली. तिचे प्रचलित वर्णन प्रामुख्याने जेत्यांच्या कागदांतून आले आहे. शिंद्यांची तोफांची रांग नेमकी कुठून कुठवर होती आणि ती केव्हा, कोणत्या दिशेने वळली, हे गंजलेल्या गोळ्यांच्या आणि शिशाच्या छऱ्यांच्या जागांवरून तपासता येईल. ट्रॅक्टरचा फाळ त्या अजून थोड्या हलवण्याआधी.