हाली का कलदार?

17 सप्टेंबर आला की आमच्या भालकीत झेंडावंदन होतं, शाळेची पोरं घोषणा देत जातात. मला मात्र आईची शेवटची चार वर्षं आठवतात. त्या काळात आमच्या घरात 17 सप्टेंबर 1948 उजाडलाच नव्हता.

आई उदगीरची. पंधराव्या वर्षी लग्न होऊन भालकीला आली तेव्हा दोन्ही तालुके बिदर जिल्ह्यातलेच, निजामाच्या राज्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद म्हैसुरात. कमालनगर ओलांडलं की तिचं माहेर परराज्यात.

2012 साली डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. ह्यात ताजं आधी पुसतं, जुनं मागं राहतं. आईची कानडी आधी गेली, शेजारणींशी पन्नास वर्षं बोललेली. मग मी गेलो. मला ती आपला भाऊ समजायची. राहिली मराठी आणि दखनी.

हातात नोट दिली की विचारायची, "हाली का कलदार?" हाली म्हणजे निजामाचा रुपया. तो 1959 ला कायमचा बंद झाला, असं मी आधी समजावत बसायचो. ती रडायची. मग मी रीतसर हिशेब करून द्यायला लागलो, सात हालीला सहा कलदार. हिशेब पटला की नोट कमरेला खोचायची. बँकेत उभा जन्म गेला, पण इतकं समाधानी गिऱ्हाईक बघितलं नाही.

संध्याकाळ वाईट असायची. दिवेलागणीला सुरू, "कंदील बारीक कर, ते येतील." ते म्हणजे रझाकार. पाटल्या ज्वारीच्या डब्यात लपवायची. आम्ही काढायचो, ती पुन्हा लपवायची. अर्धी रात्र जागरण. बायको वैतागली, मी तर एकदा आईवर ओरडलोसुद्धा. शेवटी उपाय बायकोनंच काढला. सगळे दिवे घालवायचे, आईजवळ अंधारात दहा मिनिटं बसायचं, आणि हळूच म्हणायचं, "गेले ते." तेवढ्यावर झोपायची.

एका रात्री मात्र "गेले ते" म्हटल्यावरही ती झोपली नाही. दखनीत बोलायला लागली, कुण्या मणियारणीशी. "बाहर नको निकलो, अब तुम्हारे पीछे आरें."

पोलीस अॅक्शननंतर मुसलमानांवर जे गुदरलं, त्याची पाहणी सुंदरलाल समितीनं केली होती. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले, उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. तो अहवाल कित्येक दशकं दाबूनच ठेवला होता. आईनंही तेच केलं म्हणायचं. रझाकारांच्या गोष्टी तिनं आम्हाला शंभरदा सांगितल्या, मणियारणीचं नाव एकदा काढलं नाही.

मी विचारलं, "मग काय झालं तिचं?"

"दार लावलं की मी."

"तिला आत घेऊन, का बाहेर ठेवून?"

आई माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "कंदील बारीक कर."

पुढं दोन वर्षं ती होती, पण हा विषय परत निघाला नाही. आमच्या गल्लीत मणियाराचं एक घर होतं, एवढं एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं सांगितलं. कुठं गेले, त्यालाही माहीत नव्हतं. भालकीकडच्या कुणाच्या घरी ह्याबद्दल काही बोललं गेलं असेल तर खाली लिहा.