गिऱ्हाईक एकच असलं की

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एक ताई म्हणाल्या, "वाडीवर दूध न्यायला गाडी एकच येते. दर तो म्हणेल तो. मग दुसरी म्हैस घेऊन करू काय?" कर्ज मंजूर होतं, तरी त्यांनी ते उचललं नाही.

या दुखण्याचं गणित जोन रॉबिन्सन या केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३३ साली पुस्तकात मांडलं. त्याआधी काही काळ त्या ग्वाल्हेरला राहिल्या होत्या. त्यांचे यजमान शिंद्यांच्या बालमहाराजांचे शिक्षक होते. विकणारा एकटा असला की लुबाडतो, हे जुनंच. घेणारा एकटा असला तर काय होतं, ते बाईंनी दाखवलं. त्यांचा रोख मुख्यतः मजुरीवर होता, पण दुधालाही तोच हिशेब लागतो.

समजा, तो ३० रुपयांनी १०० लिटर घेतो: ३,००० रुपये. आणखी १० लिटर हवं तर ३३ रुपये द्यावे लागतील, आणि तेही सगळ्यांनाच: ३,६३० रुपये. म्हणजे वरचं १० लिटर त्याला ६३ रुपये लिटरने पडलं! तो कशाला घेईल? दूध कमीच घ्यायचं आणि दर पाडून ठेवायचा, यातच त्याचा फायदा. इथे नुसता दर मरत नाही, वाढही खुंटते. जास्तीची म्हैस दावणीला येतच नाही.

गुजरातच्या खेडा जिल्ह्यात हेच घडलं. १९४५ साली मुंबई सरकारने शहराला दूध पुरवायची योजना काढली आणि तिथलं दूध घ्यायचा हक्क एकट्या पोलसन कंपनीला दिला. शेतकरी चिडले. जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावी सभा झाली. पुढे पंधरा दिवस त्यांनी दूध दिलं नाही, आणि सरकार नमलं. डिसेंबरात त्यांच्या संघाची नोंदणी झाली, त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष. सुरुवात दोन गावांची, रोजचं दूध सुमारे २५० लिटर. तोच आजचा अमूल.

स्पर्धा म्हटलं की आपल्याला शेजारणीपेक्षा स्वस्त विकणं आठवतं. खेड्यात मात्र स्पर्धा आली ती घेणाऱ्याच्या बाजूला, आणि तीही शेतकऱ्यांनीच उभी केली.

येत्या मंगळवारी आम्ही नऊ जणी तालुक्याच्या दूध संघात जाणार आहोत. गाडी वाडीपर्यंत यायला रोज किती लिटर लागतं, एवढंच विचारायचंय. त्या ताईही येणार आहेत.