चांद्याच्या कोटाची फेरी

इटली देशांत लुक्का नांवाचें एक जुनें नगर आहे. त्याच्या भोंवतीं सुमारें चार किलोमीटर लांबीचा तट असून तो सतराव्या शतकाच्या मध्यास पुरा झाला. आज त्या तटाच्या माथ्यावर झाडांची सावली आहे, आणि तिच्याखालून नगरजन व प्रवासी सारखेच पायीं हिंडतात. त्या देशांतील जुन्या नगरांतून वाटाडे प्रवाशांस बरोबर घेऊन निघतात. आधीं वेस दाखवितात, मग देऊळ दाखवितात, आणि शेवटीं एखाद्या खानावळींत बसवून त्या गांवचें अन्न चाखावयास देतात. गांवचा इतिहास पुरता कळावयाचा तर त्याचे दगड पाहावे आणि त्याचें अन्नही खाऊन पाहावें, अशी त्यामागील समजूत आहे. ती समजूत खरी कीं खोटी हें तपासून पाहण्यास महाराष्ट्राच्या पूर्व टोंकास एक उत्तम नगर आहे. तें म्हणजे चंद्रपूर. १९६४ सालापर्यंत तें चांदा या नांवानें ओळखलें जात असे.

चांद्याची फेरी जटपुरा दरवाजापासून सुरू करणें सोयीचें. हा उत्तरेचा दरवाजा. पश्चिमेस बिनबा, दक्षिणेस पठाणपुरा आणि पूर्वेस अंचलेश्वर असे आणखी तीन दरवाजे आहेत. शिवाय हनुमान, विठोबा, बगड, चोर आणि मसाण या नांवांच्या पांच खिडक्या, म्हणजे लहान वाटा, कोटांत ठेवलेल्या आहेत. नुसत्या नांवांवरूनही जुन्या गांवाचा व्यवहार ध्यानांत येतो. देवास जाण्याची वाट निराळी, प्रेत नेण्याची निराळी. दरवाजांवर हत्तीस दाबून धरणाऱ्या सिंहाची आकृति कोरलेली आहे. तें गोंड राजांचें राजचिन्ह. कोटाचा घेर दहा किलोमीटरांच्या आसपास भरतो. म्हणजे लांबीच्या हिशेबानें चांद्याचा तट लुक्काच्या तटाहून दुपटीपेक्षां अधिक आहे.

हा कोट कसा उभा राहिला याविषयीं एक कथा सर्वतोमुखीं आहे. खांडक्या बल्लाळशहा हा राजा बल्लारपुरास राहत असे. त्याच्या अंगावर गाठी उठल्या होत्या व त्यांवर कोणाचें औषध चालेना. एके दिवशीं शिकारींत तहान लागून तो झरपट नदीच्या पात्रांतील एका खळग्यांतील पाणी प्याला, आणि त्या रात्रीं त्यास गाढ झोंप लागली. सकाळीं राणी पाहते तों गाठी नाहींशा झालेल्या! त्या जागीं पुढें अचलेश्वराचें देऊळ झालें. त्याच रानांत एक ससा राजाच्या कुत्र्याच्या पाठीस लागलेला राजानें पाहिला. ही भूमि वीरांची आहे असें म्हणून राणीनें तेथें नगर वसविण्याचा सल्ला दिला, आणि ससा ज्या वाटेनें धांवला त्या वाटेनें कोटाची आंखणी झाली. कोट पुरा होण्यास मात्र पुढील कित्येक राजांच्या कारकीर्दी लागल्या.

अंचलेश्वर दरवाजापाशीं आलें म्हणजे कथा मागें पडते आणि इतिहास पुढें होतो. येथें गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतील बीरशहाची समाधि सर्वांत देखणी. ती त्याची राणी हिराई हिनें बांधविली. पतीच्या मागें दत्तक पुत्र रामशहाच्या नांवानें तिनेंच राज्य सांभाळलें. महाकालीच्या देवळाचें बांधकामही तिच्याच नांवावर सांगितलें जातें. चैत्रांत या देवीची यात्रा भरते आणि दूर मराठवाड्यांतून व तेलंगणांतून भाविक येतात. झरपटेच्या कांठीं चुली पेटतात. तीन प्रांतांचें अन्न एका धुरांत शिजतांना पाहावयाचें तर तें याच दिवसांत.

याच कोटानें आपला शेवटही पाहिला आहे. १७५१ सालीं नीलकंठशहाचें राज्य नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या हातीं गेलें. मे १८१८ मध्यें इंग्रज सेनानी ॲडम्स यानें तोफांनीं तटास खिंडार पाडलें. किल्लेदार गंगासिंग लढतां लढतां पडला. पुढें गोंड राजवाड्याच्या जागीं तुरुंग झाला. त्याच तुरुंगापाशीं २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं बाबूराव शेडमाके यांना फांशी देण्यांत आलें. पंचविशी नुकतीच ओलांडलेला हा तरुण जमीनदार अहेरीकडील रानांतून गोंड मंडळी जमवून इंग्रजांशीं लढला होता. तें रान आज गडचिरोली जिल्ह्यांत आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चांद्याच्या पोटांतून तो जिल्हा वेगळा निघाला. ज्या वंशानें राजवाडा बांधला त्याच्याच भाईबंदाला त्याच भिंतींशेजारीं फांस बसावा, याहून कठोर असा दैवाचा फेरा कोणता?

येथवर आलेला मनुष्य थकतो व त्यास भूक लागते. चांद्याचें ताट समोर आलें म्हणजे त्यांत दोन धान्यें दिसतात. एक ज्वारीची भाकर, दुसरा भात. पश्चिमेकडे वरोरा व राजुरा या भागांतील काळी जमीन ज्वारी-कापसाची, तर पूर्वेकडे मूल, नागभीड, ब्रह्मपुरी आणि पुढें गडचिरोली हा सारा मुलूख धानाचा. चांदा या दोहोंच्या सीमेवर बसलें आहे. लग्नकार्यांत वडाभात होतो. डाळींचे तळलेले वडे भातांत कुस्करून त्यावर कडकडीत फोडणीचें तेल ओततात. बाजारांत उन्हाळ्यांत मोहाचीं फुलें व चारोळी येते. तें रानाचें देणें.

या ताटांतील भाताचा कोटाशीं निकटचा संबंध आहे. धानास पाणी हवें, आणि या मुलखांत तें तळ्यांनीं व बोड्यांनीं मिळतें. जो कोणी रान तोडून जमीन लागवडीस आणील आणि तळें बांधील, त्यास त्या पाण्याखालील जमीन द्यावी, अशी गोंड राजांची रीत होती. अशा देणगीस तुकूम म्हणत. हिरशहा राजाचें नांव या रीतीशीं जोडलें जातें. चंद्रपुरांत आजही तुकूम नांवाची वस्ती आहे, आणि तेथें राहणाऱ्या अनेकांस त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नाहीं. कोटाच्या आंत रामशहानें बांधलेला रामाळा तलावही त्याच दूरदृष्टीचा साक्षी आहे. कोट शत्रूस रोखण्यासाठीं होता. राज्य पोसलें तें तळ्यांनीं. तोफांनीं कोटास खिंडार पडलें, पण तळ्याखालचें धान पुढेंही पिकत राहिलें.

मग कोटाची निगा कोणीं राखावी? पुष्कळ वर्षें ती कोणींच राखली नाहीं. तटावर झुडपें माजलीं, बुरुजांत पिंपळांनीं मुळें घातलीं, खिडक्यांपाशीं केर सांचला. जटपुरा दरवाजांतून रोज हजारों वाहनें जात, पण वरच्या सिंहाकडे मान वर करून पाहण्यास कोणास सवड नसे. मार्च २०१७ मध्यें इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनीं हातीं कुदळ-फावडें घेऊन तट साफ करण्यास आरंभ केला. रोज पहांटे थोडें थोडें असें महिनेच्या महिने त्यांनीं तें काम चालविलें. वाट मोकळी झाल्यावर लोकांस बरोबर घेऊन कोटाची पायीं फेरी सुरू झाली. आपल्याच गांवांत आयुष्य काढलेले वृद्ध या फेरींत प्रथमच बुरुजावर चढले.

या फेरीचें महत्त्व निव्वळ करमणुकीचें नाहीं. ज्या तटावर गांवचीं माणसें चालतात त्याचा दगड सहसा कोणी काढून नेत नाहीं. जेथें कोणी फिरकत नाहीं तेथील दगड घराच्या पायांत जातो. परंतु फेरी दगडांपाशींच थांबली तर ती अपुरी राहील. गडचिरोलीच्या रानांतून कामासाठीं जटपुऱ्याखालून जाणारा गोंड शेतकरी हा त्या सिंहाचा खरा वारस आहे, आणि समोरच्या ताटांतील भात त्याच्या पूर्वजांच्या तळ्यांनीं पिकविलेला आहे, एवढें ज्याच्या ध्यानांत राहील त्याची चांद्याची फेरी पुरी झाली असें समजावें.