अर्ध्या डावाची वाटणी

ऑगस्ट 2019मध्ये लंडनला पोकरची एक स्पर्धा संपली. पहिल्या आलेल्या खेळाडूला 1 कोटी 37 लाख 79 हजार 491 पौंड मिळाले आणि दुसऱ्या आलेल्याला 1 कोटी 68 लाख 90 हजार 509. आकड्यांची अदलाबदल झालेली नाही. 'ट्रायटन मिलियन' नावाच्या या स्पर्धेची प्रवेश फीच साडेदहा लाख पौंड होती, त्यातले पन्नास हजार धर्मादाय कामासाठी. 54 जणांतून अखेर ब्रिन केनी आणि आरन झँग हे दोघे उरले, तेव्हा त्यांनी खेळ थांबवला आणि बक्षिसाचे पैसे आपसांत वाटून घेतले. त्या घडीला केनीपुढे चिप्सचा ढीग बराच मोठा होता, म्हणून त्याचा वाटाही मोठा ठरला. पुढचा खेळ उरला तो किताबापुरता, आणि तो झँगने जिंकला.

पोकरवाले या प्रकाराला 'डील' किंवा 'चॉप' म्हणतात. स्पर्धा शेवटाकडे आली की कोणीतरी हळूच विचारतोच, "डील करायचं का?" हा प्रश्न जुगाऱ्यांच्या अड्ड्यावरचा वाटतो, पण त्याचं कुळ शोधत गेलं तर लास वेगास मागे पडतं, पत्त्यांचं टेबलही मागे पडतं आणि आपण पंधराव्या शतकातल्या इटलीत जाऊन पोचतो.

1494मध्ये व्हेनिसला लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूचा अंकगणितावरचा जाडजूड ग्रंथ छापून निघाला. जमाखर्चाची दुहेरी नोंदीची पद्धत व्यापाऱ्यांच्या हाती छापील रूपात आली ती याच ग्रंथातून. त्यात एक गणित होतं. दोन संघ चेंडूचा खेळ खेळताहेत. जो आधी 60 गुण करेल तो जिंकला; दर डावाला 10 गुण; पैज 10 डुकॅटची. काही कारणाने खेळ मध्येच थांबला तेव्हा एकाचे 50 गुण होते, दुसऱ्याचे 20. पैसे कसे वाटायचे? पाचोलीने सरळ त्रैराशिक मांडलं: गुण पाचास दोन, तर पैसेही पाचास दोन.

1539मध्ये कार्दानो या गणितज्ञाने बरोबर दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. वाटणी करताना झालेले डाव बघू नका, जिंकायला अजून किती डाव हवेत ते बघा, असं त्याचं म्हणणं. रस्ता योग्य होता, पण गणित काही त्याला साधलं नाही. घनसमीकरणाच्या सूत्रावरून त्याच्याशी हाडवैर असलेल्या तार्तालियाने 1556मध्ये पाचोलीची चूक उघडी केली. समजा एकच डाव झाला आणि गुण 10-0 असे आहेत. पाचोलीच्या हिशेबाने सगळी रक्कम पहिल्याची! साठातले दहा गुण केले म्हणून कोणी पूर्ण पैज उचलून देतं का? तार्तालियाने स्वतःचा तोडगा दिला, तोही चुकीचाच होता. पण जाता जाता तो एक मार्मिक गोष्ट सांगून गेला: हा प्रश्न गणितापेक्षा न्यायनिवाड्याचा आहे, कसाही सोडवला तरी भांडायला जागा राहणारच.

गणिताची बाजू सुटली ती 1654मध्ये. शेवालिए द मेरे या जुगारात रस असलेल्या लेखकाने पॅरिसच्या ब्लेझ पास्कलला अशा वाटणीबद्दल विचारलं आणि पास्कलने तुलूझच्या पिएर द फर्माशी पत्रव्यवहार सुरू केला. जुलै महिन्यातल्या एका पत्रात पास्कलने मांडलेलं उदाहरण असं: दोघांनी प्रत्येकी 32 पिस्तोल (सोन्याची नाणी) लावले आहेत, आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळे 64. एकाचे दोन डाव झालेत, दुसऱ्याचा एक. आता थांबायचं आहे. पुढचा डाव पहिल्याने मारला तर 64 त्याचे. हरला तर बरोबरी, म्हणजे 32 तरी त्याचेच. तेव्हा 32 कुठेच जात नाहीत. उरलेल्या 32वर दोघांना समान संधी, म्हणून ते निम्मे निम्मे. वाटणी झाली 48 आणि 16. फर्माने दुसरी वाट धरली. उरलेले डाव किती प्रकारांनी संपू शकतात त्याची यादीच त्याने केली आणि त्यांतले किती कोणाच्या बाजूचे ते मोजलं. दोघांची उत्तरं तंतोतंत जुळली. याच कामासाठी पास्कलने संख्यांचा जो त्रिकोण वापरला, तो आपल्याकडे छंदशास्त्रात मेरुप्रस्तार म्हणून फार आधीपासून ठाऊक होता. पण पैजेच्या वाटणीला तो जुंपला गेला तो फ्रान्समध्ये. संभाव्यताशास्त्राचा जन्म याच पत्रांतून झाला असं मानतात.

केनी आणि झँग यांचा करार या पत्राचाच वंशज आहे. पहिलं बक्षीस 1 कोटी 90 लाख पौंडांचं होतं, दुसरं 1 कोटी 16 लाख 70 हजारांचं. म्हणजे हरला तरी प्रत्येकाचे 1 कोटी 16 लाख 70 हजार कुठेच जात नव्हते. प्रश्न होता वरच्या 73 लाख 30 हजारांचा. ते कोणाच्या जिंकण्याची शक्यता किती, यावर वाटले गेले. दोघेच खेळाडू असले की चिप्सचं प्रमाण आणि जिंकण्याची शक्यता साधारण एकच धरता येते, त्यामुळे हिशेब सोपा असतो.

खरी गुंतागुंत तिघे किंवा अधिक उरले की सुरू होते, आणि ती निर्माण झाली बक्षिसांच्या उतरंडीमुळे. 1971पासून वेगासमधल्या बिनियन्स हॉर्सशूची 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' बाद पद्धतीने खेळली जाऊ लागली, आणि सुरुवातीला सगळे पैसे एकट्या विजेत्याचे असत. तरीही 1972ला आठ जणांच्या स्पर्धेत अमरिलो स्लिम, डॉयल ब्रन्सन आणि पगी पिअर्सन उरले तेव्हा त्यांनी आतल्या आत जमवून घेतलंच. ब्रन्सन तब्येतीचं कारण सांगून उठला; आपल्याला विजेत्याची प्रसिद्धी नको होती, हे पुढे त्यानेच सांगून टाकलं. स्लिमला मात्र ती हवीच होती. विजेता म्हणून तो जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमापर्यंत जाऊन पोचला. 1978पासून बक्षिसं वरच्या काही खेळाडूंत वाटली जाऊ लागली. त्या वर्षी 42 जणांचे 4 लाख 20 हजार डॉलर जमले, त्यांतले निम्मे विजेत्या बॉबी बाल्डविनला मिळाले.

बक्षिसं अशी विभागली गेली आणि चिप्स म्हणजे पैसे हे समीकरण तुटलं. समजा तिघे उरलेत आणि बक्षिसं 50, 30 आणि 20 हजारांची आहेत. पहिल्याकडे एकूण चिप्सच्या 60 टक्के, दुसऱ्याकडे 30, तिसऱ्याकडे 10. चिप्सच्या प्रमाणात लाख रुपये वाटले तर पहिल्याला 60 हजार, म्हणजे स्पर्धा जिंकूनही मिळाले नसते इतके. तिसऱ्याला 10 हजार; तो पुढच्याच हाताला बाद झाला तरी 20 हजार घेऊन उठणार होता! पाचशे वर्षांनंतर पाचोलीच पुन्हा टेबलावर येऊन बसतो.

म्हणून शहाणे खेळाडू आधी प्रत्येकाचे हमखास 20 हजार बाजूला काढतात आणि उरलेले 40 हजार चिप्सप्रमाणे वाटतात. मग 44, 32 आणि 24 हजार असे वाटे पडतात. हे बरं, पण मोठ्या ढिगाला अजूनही झुकतं माप देणारं. कारण पहिल्या खेळाडूने सगळ्या चिप्स जिंकल्या तरी त्याचं बक्षीस 50 हजारांपलीकडे जात नाही, तर छोट्या ढिगाचा मालक नुसता तग धरून राहिला तरी एक पायरी वर चढू शकतो.

यावरचं उत्तर आधी घोड्यांच्या शर्यतींसाठी निघालं होतं. डेव्हिड हारविल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने 1973मध्ये एका शोधनिबंधात, पहिला येण्याची शक्यता ठाऊक असेल तर दुसरा-तिसरा येण्याची शक्यता कशी काढायची, याचं सूत्र दिलं: जिंकलेला घोडा वगळा आणि उरलेल्यांत तेच प्रमाण लावा. 1987मध्ये मेसन मालमथ या पोकर लेखकाने हीच रीत चिप्सना लावली. तिला 'इंडिपेंडंट चिप मॉडेल', रोजच्या बोलण्यात 'आयसीएम', म्हणतात. वरच्या उदाहरणात आयसीएमने वाटे येतात 41,238, 33,833 आणि 24,929. मोठ्या ढिगाचे पावणेतीन हजार उतरले आणि ते बाकी दोघांत गेले.

प्रत्यक्षात हे घडतं ते असं. सगळे हो म्हणाले की घड्याळ थांबवतात, प्रत्येकाच्या चिप्स मोजतात आणि टूर्नामेंट डायरेक्टर आकडे काढून सगळ्यांपुढे ठेवतो. विजेत्यासाठी थोडी रक्कम आणि ट्रॉफी बऱ्याचदा राखून ठेवतात, म्हणजे पुढचा खेळ कोणी उरकायचा म्हणून उरकत नाही. मग घासाघीस. आयसीएमला कोण किती मुरलेला आहे हे कळत नाही, पुढच्या हाताला ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधीच लावावी लागणारी सक्तीची रक्कम, कोणावर येतोय हेही कळत नाही. मुरलेला खेळाडू जास्त मागतो. ज्याच्यावर ब्लाइंड येऊन ठेपलाय तो घाईने होकार देतो. शेवटाला ब्लाइंड इतके वाढलेले असतात की कसबापेक्षा नशिबाचाच वाटा मोठा होतो, आणि डीलचा मोह होतो तो त्यामुळेच. एकाने जरी नकार दिला तरी डील मोडतं.

वर्ल्ड सिरीजचे आयोजक वर्षानुवर्षं अशा करारात पडत आलेले नाहीत. ते आपल्या नोंदीप्रमाणे पैसे देऊन मोकळे. आपल्याकडे ऑगस्ट 2025च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळायला बंदी आली. पोकरचं परवानगी असलेलं टेबल पणजीजवळ मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांवर बघता येतं. अशा जिंकलेल्या रकमेवर आपल्याकडे 30 टक्के कर आहे. त्यामुळे आपसांत ठरलेली वाटणी आयोजकाच्या कागदावर आली नाही, तर ज्याच्या नावावर रक्कम त्याच्याच माथी कर, आणि वाटा मागायला जाणाऱ्याच्या हाती नुसता शब्द.

पास्कलने आकडा दिला, पण भांडायला जागा राहतेच हे तार्तालियाचं म्हणणं आजही खोडलं गेलेलं नाही. म्हणून अशा टेबलावर बसायची वेळ आलीच तर समोरच्या ढिगाकडे बघून होकार देऊ नका. आपले हमखास किती आणि त्यावर मिळण्याची शक्यता किती, एवढं आधी विचारा. ठरेल ते आयोजकाच्या कागदावर लिहून घ्या. आणि हिशेब पटला नाही, तर "नाही, खेळूया" म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही.