लहरी कुणाच्या? मुष्टियुद्ध, टीव्ही आणि न्या. सावंतांचा निकाल

"खेळात कशाला जात आणि राजकारण आणता?" हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांना नेहमी ऐकावा लागतो. विचारणारा बहुधा ज्याचा खेळ रोज टीव्हीवर दिसतो त्या वर्गातला असतो. खेळ कोण खेळतो यावर आपण बरंच बोलतो. पळवणकर बाळूंचं नाव आता आपल्या पोरांना माहीत आहे. पण खेळ कोण दाखवतो, कुणाला दाखवतो आणि त्याची किंमत कोण ठरवतो, हा प्रश्न मागे राहतो. मुष्टियुद्धाचा, म्हणजे बॉक्सिंगचा, इतिहास पाहिला की तो प्रश्न टाळता येत नाही.

१९०८ साली जॅक जॉन्सन हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा हेवीवेट जगज्जेता झाला. गोऱ्यांना ते सहन झालं नाही. निवृत्त झालेल्या जिम जेफ्रीजला "गोऱ्यांची आशा" म्हणून परत आणलं गेलं. ४ जुलै १९१० रोजी रेनो इथे जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत हरवलं. त्यानंतर अमेरिकेत ठिकठिकाणी कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले, माणसं मेली. त्या लढतीचं चित्रीकरण झालं होतं. मग एकेका शहराने त्या चित्रपटावर बंदी घातली आणि १९१२ साली अमेरिकी संसदेने कायदाच केला : मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं गुन्हा. हा कायदा १९४० पर्यंत टिकला. खेळावर बंदी नव्हती, बंदी होती ती चित्रावर. काळा माणूस गोऱ्याला पाडतो हे लाखो लोकांनी डोळ्यांनी पाहू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, तेव्हा हा कायदा लागू होता. सार्वजनिक पाणवठ्यावर आपल्याला बंदी होती, तिकडे पडद्यावरच्या विजयाला बंदी होती. दोन्हीकडे व्यवस्थेला एकच भीती : ज्याला खाली ठेवलंय तो वर दिसता कामा नये.

पुढे टीव्ही आला आणि बंदीची गरज उरली नाही. ते काम पैशाने केलं. १९४० च्या दशकात जिलेट या दाढीच्या ब्लेडच्या कंपनीने एनबीसीवर दर शुक्रवारी लढती दाखवायला सुरुवात केली. घरबसल्या फुकट बॉक्सिंग मिळू लागल्यावर गावोगावचे छोटे क्लब ओस पडले. नवी पोरं तयार होत होती ती तिथेच. प्रेक्षकसंख्या घसरली तसा १९६० साली एनबीसीने हा कार्यक्रम बंद केला. टीव्हीने खेळ वापरला आणि सोडून दिला.

मग पैसे मोजणाऱ्यांचा जमाना आला. व्हिएतनाम युद्धात जायला नकार दिला म्हणून १९६७ साली ज्याचं विजेतेपद काढून घेतलं, त्या मुहम्मद अलीची आणि जो फ्रेझरची १९७१ ची लढत चित्रपटगृहांत तिकीट लावून दाखवली गेली. दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळाले. २०१५ साली मेवेदर-पॅकियाओ लढत अमेरिकेत सुमारे ४६ लाख घरांनी विकत घेतली, किंमत शंभर डॉलरच्या आसपास. खेळणारे दोघेही गरिबीतून आलेले. पण ज्या वस्तीतून ते आले, तिथल्या किती घरांना ती लढत परवडली असेल?

आता आपल्याकडे या. १९९३ च्या हीरो कप क्रिकेट स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनीला विकले. दूरदर्शन आणि सरकारशी भांडण झालं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने निकाल दिला : हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची मक्तेदारी चालणार नाही आणि खासगी भांडवलदारांचीही नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बघणाऱ्याचा, ऐकणाऱ्याचा हक्कही येतो. हेच न्या. सावंत मंडल निकालाच्या घटनापीठात होते आणि २०१७ च्या एल्गार परिषदेच्या आयोजकांतही. एल्गार परिषद आपल्याला आठवते, हा निकाल मात्र आपण फारसा सांगत नाही.

तो का सांगायचा? २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला देणं खासगी वाहिन्यांवर बंधनकारक केलं. म्हणून ऑलिंपिकमधलं बॉक्सिंग केबलचे पैसे न भरणाऱ्या घरातही फ्री डिशवर पोचू शकतं. व्यावसायिक बॉक्सिंगला हे संरक्षण नाही. ५ ऑगस्ट २०१७ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये विजेंदर सिंगने चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीला हरवलं. आंबिवलीहून लोकलने दीड-दोन तासांचं अंतर. पण अशा लढतीचे हक्क कुणाला विकायचे, हे आयोजक आणि वाहिनी ठरवतात.

वाहिनी कशावरून ठरवते? रेटिंगवरून. देशभरातल्या निवडक घरांत मीटर बसवून हे आकडे काढतात. त्या घरांची प्रतवारी दोन गोष्टींवर होते : कमावत्या माणसाचं शिक्षण आणि घरातल्या अकरा वस्तूंपैकी किती आहेत. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळं सांगायला नको की या देशात शिक्षण आणि वस्तू कुणाकडे साठल्या. जातीचा रकाना त्यात नाही, पण जातीची सावली आहे. महागड्या वस्तूंचा जाहिरातदार वरच्या प्रतीची घरं मागतो. २००९ साली मोहन्याची एनआरसी बंद पडली आणि हजारो कामगारांचा पगार थांबला. अशा घरातल्या माणसाने सामना पाहिला तरी बाजारात त्याच्या बघण्याला भाव कमी.

"बाजार आहे, ज्याला परवडेल तो बघेल," असं कुणी म्हणेल. चवदार तळ्यावरही हाच वाद होता : तळं सार्वजनिक की मूठभरांचं? लहरी जर सार्वजनिक आहेत, तर त्यांच्यावर भाडं कमावणाऱ्याला अटी घालण्याचा हक्क जनतेचा आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. राष्ट्रीय महत्त्वाच्या खेळांची यादी वाढवा, तीत कबड्डी आणि व्यावसायिक बॉक्सिंगच्या मोठ्या लढती घ्या. प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा वस्त्यांमधल्या तालमी आणि क्लबांना द्या. आणि आपण स्वतः काय करू शकतो? १४ एप्रिलला डीजेवर जाणाऱ्या वर्गणीतला थोडा भाग एका रिंगसाठी, दोन जोडी ग्लोव्हजसाठी काढा. मोबाइल प्रत्येकाच्या हातात आहे, आपल्या पोरांच्या लढती आपणच दाखवा. जॉन्सनचं चित्र अडवायला कायदा करावा लागला होता. आपलं चित्र आपणच काढलं नाही, तर अडवायलाही कुणाची गरज पडणार नाही.

जय भीम!